हद्दीपाशी संपणारा महामार्ग

१९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याच्या दुसऱ्याच कलमात एक अपवाद घातलेला होता. परिशिष्टात नोंदवलेला प्रत्येक रस्ता राष्ट्रीय महामार्ग समजला जाईल, मात्र वीस हजार किंवा त्याहून जास्त वस्तीच्या नगरपालिका हद्दीत त्याचा जो तुकडा येतो तो सोडून. म्हणजे पुण्याहून निघून कोल्हापूर, बेळगाव करत मद्रासकडे जाणारा रस्ता वाटेतल्या एखाद्या बऱ्यापैकी गावाच्या जकात नाक्याशी आला, की कायद्यापुरता महामार्ग राहत नसे. गाव ओलांडले की पुन्हा महामार्ग. ट्रक तोच, त्यातला माल तोच, चाकाखालची खडी मात्र मधल्या दोन-तीन मैलांपुरती दुसऱ्याच्या हिशेबात. १९७७ च्या दुरुस्तीने हा अपवाद गेला. पण तो वीस वर्षे कायद्यात सुखाने नांदला, याचे कारण तो कोणाला विचित्र वाटलाच नाही. आपल्याकडे रस्त्याची वर्गवारी करताना या रस्त्यावरून काय जाते, कोण जाते, कुठून कुठे जाते, हे मुळात कधी विचारले गेले नाही. हा रस्ता कोणाच्या खर्ची पडतो, एवढेच विचारले गेले. पुढे नगररचनेचा नकाशा आला, त्याने रुंदी विचारली. या दोन प्रश्नांच्या उत्तरांतून जे तयार झाले त्यालाच लहान शहरे आपले रस्त्यांचे नियोजन म्हणत आली. मोठ्या शहरांत निदान तिसरा प्रश्न विचारणारी माणसे आणि त्यांचा पगार परवडत होता. लहान शहराची पंचाईत तिथेच झाली.

सातारा हे यासाठी चांगले उदाहरण. जिल्ह्याचे ठिकाण आहे, पण महापालिका नाही; २०११ च्या जनगणनेत नगरपालिका हद्दीतली वस्ती एक लाख वीस हजारांच्या आसपास होती. शहर अजिंक्यताऱ्याच्या उत्तर उतारावर बसलेले. उताराला आडवे, म्हणजे पूर्व-पश्चिम जाणारे रस्ते त्यातल्या त्यात सपाट, आणि उभे जाणारे बोळ दम काढणारे. गाडी कुठून जाणार आणि माणूस कुठून चढणार, हे डोंगरानेच ठरवून दिले होते. पोवई नाक्याकडून राजवाड्याकडे जाणारे दोन मुख्य रस्ते, वरचा तो राजपथ आणि खालचा तो कर्मवीर पथ, या उताराचीच देणगी आहेत. दुसऱ्याला गाव आजही खालचा रस्ताच म्हणते. शाहू महाराजांच्या काळात वसलेल्या पेठांत, यादोगोपाळ, चिमणपुरा, व्यंकटपुरा, मल्हार पेठ किंवा वारांच्या पेठांत, रस्त्यांची उतरंड नव्हती असे नाही. बाजाराचा रस्ता, वाड्याकडे जाणारा रस्ता, पाणवठ्याची वाट, आळी, बोळ, अशी ती होती, आणि ती सगळी वापराची होती. तिचा कागद मात्र कुठे नव्हता. त्यामुळे पुढच्या राजवटींना ती दिसली नाही, किंवा दिसूनही तिची गरज वाटली नाही.

पहिला बदल प्रतापसिंह महाराजांच्या काळात झाला. १८१८ मध्ये इंग्रजांनी त्यांना गादीवर बसवले आणि १८३९ मध्ये त्यांनीच उतरवले. मधल्या वीस-एकवीस वर्षांत या राजाने शहरात प्रशस्त रस्ते केले, पाण्याची सोय केली, आणि साताऱ्याहून महाबळेश्वरच्या पठारावर जाणारा रस्ता तयार करवला. त्या पठाराची हवा इंग्रज अधिकाऱ्यांना मानवली होती. १८२९ मध्ये वाईजवळच्या खंडाळा गावाच्या बदल्यात महाबळेश्वर कंपनी सरकारकडे गेले आणि गव्हर्नरच्या नावाने तिथे माल्कम पेठ उभी राहिली. रस्ता झाला राजाच्या खजिन्यातून, आणि त्यावरून हवा खायला गेले साहेब लोक. रस्ता वापरणारा एक आणि त्याचा खर्च सोसणारा दुसरा, हा प्रकार साताऱ्यात इतक्या उघडपणे बहुधा इथेच पहिल्यांदा दिसतो. राजाच्या दृष्टीने तो राजकारणाचा खर्च होता, तक्रारीला जागा नव्हती. पण पुढच्या शंभर वर्षांत रस्त्यांच्या सरकारी विचाराचा गाभा याच विसंगतीभोवती फिरत राहिला: ज्याचा वापर त्याच्याकडून खर्च कसा काढायचा.

१८४८ मध्ये त्यांच्या जागी आलेले शहाजी महाराज निपुत्रिक वारले आणि गव्हर्नर जनरल डलहौसीने सातारा खालसा केले. याच डलहौसीने १८५४-५५ च्या सुमारास लष्करी मंडळाकडून बांधकामे काढून घेऊन स्वतंत्र सार्वजनिक बांधकाम खाते उभे केले. त्याच सुमारास, १८५३ मध्ये, १८५० च्या कायद्याखाली साताऱ्यात नगरपालिका सुरू झाली. पाच-सहा वर्षांच्या आत गावच्या रस्त्यांना दोन मालक मिळाले, एक मुंबईकडे बघणारा आणि एक पेठेतल्या घरपट्टीकडे बघणारा. १८६९ च्या मुंबई लोकल फंड कायद्याने तिसरा आणला. जमीन महसुलाच्या दर रुपयामागे एक आणा उपकर, त्यातला एक तृतीयांश शाळांना, बाकीचा मुख्यतः रस्ते आणि तत्सम कामांना. या पैशातून झालेल्या सडकेला लोकल फंडाची सडक म्हणत. मग सरकारी कागदपत्रांत रस्त्यांची विभागणी या तीन खात्यांनुसार होऊ लागली: प्रांतिक, लोकल फंडाची, म्युनिसिपल. त्या काळच्या गॅझेटियरांत आणि अहवालांत रस्त्याचे वर्णन वाचले तर त्याची लांबी, खडी की मुरूम, पूल आहेत की नाहीत, आणि कोणत्या फंडातून, एवढे हमखास मिळते. त्यावरून आठवड्याला किती गाड्या गूळ किंवा हळद जाते हे मिळाले तर बंदराच्या किंवा बाजारपेठेच्या प्रकरणात मिळते, रस्त्याच्या नव्हे.

नगरपालिकेचा स्वतःचा प्रश्न वेगळा होता. तिला रस्त्यात रस होता तो जिथे रस्ता हद्दीत शिरतो तिथे. आत येणाऱ्या मालावरची जकात हे गावाचे मोठे उत्पन्न, म्हणून गावात शिरणाऱ्या प्रत्येक वाटेवर नाका. नाका कुठे बसवायचा, कोणती वाट बंद ठेवायची, कोणत्या वाटेने चोरून माल येतो, याची पालिकेला खडान्खडा माहिती असे. म्हणजे वाहतुकीची मोजणी होत होती. फक्त ती रस्ता आखणाऱ्याच्या टेबलावर कधी आली नाही, जकातीच्या वहीतच राहिली. महाराष्ट्रातल्या नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये बंद झाली तेव्हा त्या वह्याही बंद झाल्या. महसुलाचे नुकसान सरकारने अनुदानाने भरून दिले, माहितीचे कोणी भरून दिले नाही. नाके राहिले ते चौकांच्या नावांत.

विसाव्या शतकात मोटार आली आणि खर्चाचा प्रश्न नव्याने पेटला. १९१९ च्या सुधारणांनंतर रस्ते हा प्रांतांचा विषय झाला होता, प्रांतांनी त्यातले बहुतेक रस्ते लोकल बोर्डांच्या गळ्यात टाकले होते, आणि बोर्डांना लांबच्या पल्ल्याची मोटार पेलवत नव्हती. १९२७ मध्ये मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तिने १९२८ मध्ये अहवाल दिला. जयकर समितीचा मुख्य युक्तिवाद साधा होता: मोटारवाले रस्ता झिजवतात, तर पेट्रोलवर जादा कर बसवा आणि तो रस्त्यांसाठी वेगळा ठेवा. १९२९ पासून गॅलनमागे दोन आणे जादा घेऊन केंद्रीय रस्ता निधी सुरू झाला. १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था निघाली. वापर आणि खर्च यांची सांगड घालण्याचा आपल्याकडचा हा पहिला गंभीर प्रयत्न. मात्र तो सांगड घालत होता तिजोरीपाशी. पेट्रोल कोणी किती जाळले हे त्यातून कळते. कोणत्या रस्त्यावर जाळले हे कळत नाही. दोन आण्यांत गावातल्या रस्त्याचा वाटा किती, हे ठरवायला साधन नव्हते, आणि पैसा मुख्यतः गावांना जोडणाऱ्या रस्त्यांकडे गेला.

यानंतरचा दस्तऐवज मात्र थांबून बघण्यासारखा आहे, कारण आजची आपली सगळी परिभाषा त्यातून आली. डिसेंबर १९४३ मध्ये देशभरचे मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि वीस वर्षांचा रस्ते आराखडा तयार झाला. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक म्हणजे पुढचे राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग, ही पाच पायऱ्यांची शिडी तिथली. शेतीच्या विकसित भागात कोणतेही खेडे मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा लांब राहू नये, असे ध्येय होते. एखाद्या भागाला किती लांबीचे वरच्या वर्गाचे रस्ते हवेत हे काढायला त्यांनी एक सूत्र दिले. किलोमीटरमध्ये मांडले तर ते असे: शेतीच्या क्षेत्रफळाचा आठवा हिस्सा, त्यात बिनशेती क्षेत्रफळाचा बत्तिसावा हिस्सा मिळवा, दोन ते पाच हजार वस्तीच्या प्रत्येक गावामागे १.६ किलोमीटर धरा, पाच हजारांवरच्या प्रत्येक गावामागे आठ किलोमीटर, भविष्यासाठी पंधरा टक्के जोडा, आणि जी काही रेल्वे आधीच आहे तिची लांबी वजा करा. हिशेब म्हणून हे देखणे आहे. रेल्वे असेल तिथे तेवढा रस्ता कमी लागेल हे गृहीतक आज हास्यास्पद वाटते, पण १९४३ साली ते वेडगळ नव्हते. आपल्या मुद्द्यापुरते पाहायचे ते वेगळेच. या सूत्रात पाच हजार वस्तीचे गाव आणि पन्नास हजारांचे शहर एकाच अक्षराने मोजले जातात आणि दोघांनाही तेवढेच आठ किलोमीटर मिळतात, तेसुद्धा शहराबाहेर. शहर हा जाळ्यातला एक बिंदू. बिंदूला लांबी-रुंदी नसते, त्यामुळे त्याच्या आत रस्ते असतात ही गोष्ट सूत्रात मावतच नाही. १९५६ च्या कायद्यातला अपवाद याच विचारसरणीचा. महामार्ग बिंदूपर्यंत येतो आणि बिंदूपासून पुढे निघतो. आतले दोन मैल कोणी काढायचे? पालिकेने.

यावर अभियंत्यांचे सरळ उत्तर असे की, मग दुसरे काय करायचे होते? रस्ता ही दुरुस्तीची वस्तू आहे. ज्याच्यावर जबाबदारी नाही तो रस्ता दोन पावसाळ्यांत उखडतो, तेव्हा पहिला प्रश्न मालकीचाच असला पाहिजे. हा आक्षेप पोकळ नाही. मालक नसलेल्या रस्त्याचे काय होते याचा अनुभव साताऱ्यापाशीच आहे. शहराला लागून वाढलेला काही भाग अनेक वर्षे ना नगरपालिकेत होता ना कुठल्या ग्रामपंचायतीत; वर्तमानपत्रांनी आणि लोकांनी त्याला त्रिशंकू भाग हेच नाव देऊन टाकले. २०२० मध्ये हद्दवाढ मंजूर झाली आणि शाहूपुरी, विलासपूरसारख्या वस्त्यांबरोबर हा भागही पालिकेत आला. तोवर तिथल्या अंतर्गत रस्त्याचा खड्डा कोणी बुजवायचा, हा खरोखरच घटनात्मक दर्जाचा प्रश्न होता. तेव्हा मालकीची वही हवी. महामार्गाच्या किलोमीटरच्या दगडाचा माथा पिवळा, राज्यमार्गाच्या दगडाचा हिरवा, ग्रामसडक योजनेतल्या रस्त्याच्या दगडाचा केशरी, ही रंगांची खूण अनोळखी चालकालाही उपयोगी पडते. तक्रार मालकीच्या वहीविषयी नाही. ती वही एकटीच आहे आणि तिलाच नियोजन समजले गेले, ही तक्रार आहे. हिरव्या माथ्याचा दगड शहराच्या हद्दीपर्यंत सांगत येतो की इथून अमुक गाव इतके किलोमीटर. आत शिरल्यावर शाळेपुढचा रस्ता कोणता, भाजीमंडईचा कोणता, आणि उसाची ट्रॉली कुठून जावी, हे सांगणारी खूण त्या वहीत निघत नाही.

शहराच्या आतल्या रस्त्यांसाठी वेगळा कायदा होता, आणि तो रुंदीचा होता. १९०१ च्या मुंबई जिल्हा नगरपालिका कायद्याने पालिकांना रस्त्याची नियमित रेषा ठरवण्याचा अधिकार दिला. घर पाडून नव्याने बांधायचे असेल तर मालकाने त्या रेषेच्या मागे सरायचे, मधली पट्टी रस्त्यात जाते. १९१५ मध्ये मुंबई प्रांताने देशातला पहिला नगररचना कायदा केला. त्यातली नगररचना योजना ही कल्पना आजही कौतुकाची आहे. एका भागातले सगळे भूखंड एकत्र करायचे, रस्त्यांसाठी प्रत्येकाच्या जमिनीतून सारख्या प्रमाणात तुकडा काढायचा, आणि उरलेली जमीन नीट आकारात परत वाटायची. रस्ता सगळ्यांच्या वाट्याने होतो. १९५४ च्या कायद्याने पालिकांना विकास आराखडा करणे बंधनकारक केले, आणि १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने ती पद्धत पक्की केली. गुजरातने जुनी योजनापद्धती चालू ठेवली. महाराष्ट्र आराखड्यावर आणि भूसंपादनावर विसंबून राहिला. फरक लहान दिसतो, पण लहान शहरात तो निर्णायक ठरतो. आराखड्यातली प्रस्तावित रस्त्याची रेघ एखाद्याच्याच वाड्यावरून जाते. शेजाऱ्याची जमीन मात्र त्याच रेघेमुळे कोपऱ्याची आणि महागाची होते. ज्या गावात नगरसेवक, वाड्याचा मालक आणि शेजारी तिघेही एकमेकांच्या लग्नाला जातात, तिथे ती रेघ सरळ राहणे अवघड असते.

ती रेघ प्रत्यक्षात कशी उतरते ते जवळून पाहिले पाहिजे. समजा जुन्या पेठेतला सहा मीटरचा रस्ता नकाशावर बारा मीटरचा दाखवला. दोन्ही बाजूंची घरे एका दिवशी मागे सरत नाहीत. ज्याने इमारतीचा परवाना मागितला तो तीन मीटर मागे सरतो. त्याचा शेजारी, ज्याच्या घरात भाडेकरू आहेत किंवा भावाभावांचा दावा चालू आहे, तो जागचा हलत नाही. वीस वर्षांनी रस्त्याची कड करवतीच्या दात्यांसारखी होते. आत गेलेल्या खाचेत कोणी टपरी टाकतो, कोणी दुचाकी लावतो, पालिका तिथे ट्रान्सफॉर्मर बसवते. वाहनाला मिळणारी रुंदी पूर्वीइतकीच, सहा मीटर. दरम्यान आराखड्याच्या सुधारणेची, वीस वर्षांची, वेळ येऊन ठेपलेली असते. शिवाय अधिनियमाचे १२७ वे कलम आहे: आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि मुदतीत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण रद्द होते. महापालिका टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, देऊन वेळ मारून नेते, कारण तिथे टीडीआरला बाजार आहे. लहान गावात तो हक्क विकत घेणार कोण? रोख मोबदला द्यायला पालिकेकडे पैसा नाही. मग रस्ता नकाशावर बारा मीटर, जागेवर सहा, आणि न्यायालयात अनिर्णित, अशा तीन अवस्थांत एकाच वेळी असतो.

इथे कोणी म्हणेल की रुंदी हीच वापराची वर्गवारी आहे. रुंद रस्त्यावरून जास्त वाहने जातात, अरुंदावरून कमी. वेगळे नाव द्यायची गरज काय? नव्या वसाहतीत हे काही अंशी खरे आहे. पण रुंदी ठरते कशावरून हे पाहिले की उत्तर डळमळते. आता तर बांधकामाचा हिशेब थेट रुंदीला जोडलेला आहे. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. तिच्यात भूखंडासमोरचा रस्ता जितका रुंद, तितका अधिमूल्य भरून किंवा टीडीआर वापरून जास्त एफएसआय, म्हणजे चटईक्षेत्र निर्देशांक, घेता येतो. तर्क असा की रुंद रस्ता जास्त माणसे पेलेल. परिणाम असा की रस्ता रुंद दाखवण्यात जमीनमालकाचा फायदा, आणि तो प्रवाशांच्या संख्येशी बांधलेला नाही. पूर्वी प्रस्तावित रस्त्याची रेघ चुकवण्यासाठी खटपट होई. आता ती आपल्या दारावरून जावी म्हणूनही होऊ शकते. अशा रीतीने ठरलेली रुंदी जमिनीच्या किमतीविषयी पुष्कळ सांगते, रहदारीविषयी फारच थोडे.

वापरावर आधारलेली वर्गवारी आपल्याकडे नाहीच, असे म्हणणे मात्र चुकीचे ठरेल. इंडियन रोड्स काँग्रेसने १९७७ मध्ये शहरी रस्त्यांसाठी जागेचे मानक काढले. त्यात चार वर्ग आहेत: शहराचा मुख्य वाहता रस्ता ५० ते ६० मीटर, त्याखालचा उपमुख्य ३० ते ४०, वस्तीतली वाहने गोळा करून वर नेणारा २० ते ३०, आणि घरादारांचा स्थानिक रस्ता १० ते २० मीटर. विचार उत्तम. पण हे कोष्टक साताऱ्याच्या पेठांवर ठेवून पाहा. पन्नास मीटरचा एकही रस्ता तिथे नाही, होणारही नाही. राजपथसुद्धा या हिशेबात घरादारांच्या रस्त्यांत जाऊन बसतो, आणि जुन्या पेठांतले अर्धे बोळ तर कोष्टकाच्या बाहेरच पडतात. म्हणजे वापराचे वर्ग केले आणि त्यांनाही पुन्हा रुंदीचेच माप लावले. शिवाय या चार वर्गांना ना अंदाजपत्रकात वेगळे लेखाशीर्ष आहे ना आराखड्याच्या मंजुरीत वेगळी अट. राज्यमार्ग म्हटले की पैसा येण्याचे दार ठरलेले असते. उपमुख्य रस्ता म्हणून पालिकेच्या तिजोरीत एक रुपयाही येत नाही. ज्या वर्गाला पैसा चिकटलेला नाही तो वर्ग फाइलीत राहतो, हा काही फक्त रस्त्यांचा अनुभव नाही.

मालकीची वही वापराविषयी किती मुकी आहे, हे २०१७ मध्ये सगळ्या देशाने पाहिले. १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून पाचशे मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई केली. ३१ मार्च २०१७ च्या आदेशाने वीस हजार किंवा कमी वस्तीच्या गावांसाठी हे अंतर २२० मीटर झाले. (१९५६ च्या कायद्यातला वीस हजारांचा आकडा इथे पुन्हा भेटतो, बहुधा योगायोगाने.) न्यायालयाचा हेतू मद्यपी चालकांपासून वेगवान रस्ता वाचवण्याचा होता, म्हणजे वापराचा. त्याने हाती घेतलेले साधन मात्र मालकीचे वर्ग होते. मग राज्याराज्यांत एक सोपी युक्ती निघाली: शहरातून जाणाऱ्या तुकड्याचा महामार्गाचा दर्जाच काढून घ्या. महाराष्ट्रातही यवतमाळ, लातूर, जळगाव अशा शहरांतले राज्यमार्गांचे तुकडे स्थानिक संस्थांकडे सोपवण्याचे प्रकरण गाजले. जळगावात तर आधीच कर्जाच्या ओझ्याखालच्या महापालिकेने या रस्त्यांचा खर्च का उचलावा, असा नागरिकांचा सवाल होता. रस्त्यावरचा एक खडाही हलला नाही, ट्रक तितकेच, वेग तितकाच, आणि एका अधिसूचनेने तो महामार्गाचा गल्लीरस्ता झाला. जुलै २०१७ मध्ये न्यायालयाने चंडीगडच्या प्रकरणात स्पष्ट केले की पालिका हद्दीतल्या परवानाधारकांना ही मनाई लागू नाही. थोडक्यात, महामार्ग पुन्हा हद्दीपाशी संपला. दारूबंदीविषयी कोणाचे मत काहीही असो, वर्ग बदलून रस्ता बदलत नाही एवढे त्यातून दिसले.

सगळ्यात वजनदार आक्षेप नियोजनशास्त्राच्या आतूनच येतो. वापराची उतरंड ही कल्पना आली मोटारींनी भरलेल्या विलायती शहरांतून. सिमल्यात जन्मलेले कॉलिन ब्युकॅनन यांचा शहरांतल्या वाहतुकीवरचा १९६३ चा ब्रिटिश अहवाल तिचा मोठा पुरस्कर्ता. वाहत्या रस्त्यावर दुकाने-घरे नकोत, घरांच्या रस्त्यावर वाहती रहदारी नको, अशी ती वाटणी. आपल्या पेठेतला रस्ता एकाच वेळी बाजार, वाट, अंगण आणि मिरवणुकीची जागा असतो. त्याला एका खणात कोंबले तर त्याचा जीव जाईल. हे मान्य करायलाच हवे. त्या धर्तीची कामे आपल्याकडे चौकापुरती उतरतात तेव्हा मर्यादाही दिसतात. पोवई नाक्यावर आठ रस्ते एकत्र येतात. तिथला ग्रेड सेपरेटर जानेवारी २०२१ मध्ये खुला झाला. चौक मोकळा करण्याचे ते मोठे काम आहे. पण चौकातून सुटलेली गाडी ज्या रस्त्यांवर जाऊन पोचते त्यांची रुंदी, त्यांवरचे पार्किंग आणि त्यांवरच्या शाळा तशाच राहतात. एक गाठ सुटली म्हणून जाळ्याचा विचार झाला असे होत नाही. तरीही पेठेच्या बहुगुणी स्वभावावरून वापराची नोंदच नको, हा निष्कर्ष निघत नाही. उलट निघतो. रस्ता चार कामे करतो, तर चारही लिहा: सकाळी शाळेचा, दुपारी मालाचा, संध्याकाळी बाजाराचा, वर्षातून इतके दिवस मिरवणुकीचा. आणि महामार्ग शहराच्या पूर्व कडेने जात असताना कोणत्या जड वाहनाला पेठेत शिरायचे खरोखर कारण आहे, तेही लिहा. विलायती शिडी न उचलता हे करता येते.

यासाठी नवा कायदाही लागत नाही. १९६६ च्या अधिनियमाच्या २२ व्या कलमात आराखड्यात कशाचा विचार करायचा याची जी यादी आहे, तिच्यात रस्ते, महामार्ग आणि त्यांचा विस्तार यांसह दळणवळण हा विषय आहेच. २५ व्या कलमाप्रमाणे जमिनीचा सध्याचा वापर नोंदवणारा नकाशा आधी तयार करावा लागतो. जमिनीचा वापर नोंदवणारे कर्मचारी पेठेपेठेतून फिरतात, प्रत्येक भूखंडावर राहते घर आहे की दुकान की पिठाची गिरणी हे लिहून घेतात, आणि त्या भूखंडापुढचा रस्ता मात्र त्यांच्या तक्त्यात नुसती रुंदी म्हणून येतो. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत नगरनियोजन आणि रस्ते व पूल हे दोन्ही विषय नगरपालिकांच्या यादीत घातले, त्यालाही आता तीस वर्षे उलटली. हद्दवाढीने साताऱ्याच्या पालिकेकडे आलेल्या रस्त्यांत काही कालपर्यंत ग्रामपंचायतीचे होते, काही जिल्हा परिषदेचे, काही कोणाचेच नव्हते. वाढीव भागाच्या आराखड्यासाठी या रस्त्यांची मोजणी करावीच लागणार. त्या तक्त्यात रुंदीच्या आणि मालकीच्या रकान्यांशेजारी वापराचा तिसरा रकाना आखायला खर्च येतो तो दोन-चार दिवस नाक्यानाक्यावर माणसे बसवून गाड्या मोजण्याचा, जे काम जकातीचे कारकून रोजच करत होते.